बाहेर जेवणारे आणि बाहेर बसवलेले

मराठीत हॉटेलांवर लिहिणारे उदंड झालेत. रविवारच्या पुरवण्या ते भरतात, त्यांची पुस्तकं निघतात, आता तर खिशातल्या फोनमधेही ते मिसळीवर तर्री ओतत बसलेले असतात. दादरला काय खावं, गिरगावात काय खावं, अलिबागला जाताना कुठं थांबावं, पालीला गणपती झाल्यावर मोदक कुणाकडचे चांगले, सगळं लिहून झालंय. आपल्यातला एखादा म्हणेल, पोट भरलेल्यांचा हा उद्योग, आपल्याला काय त्याचं? आपल्याला बरंच काही आहे, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं पहिल्यालाच सांगून टाकतो. हे सगळं लिखाण ताट टेबलावर आल्यापासून सुरू होतं. ताट येण्याआधी जे घडतं ते त्यात नसतं. माणूस दारात येतो, आत शिरतो, बसतो, पाणी मागतो, नाव सांगतो. आपल्या बापजाद्यांचं हॉटेल तेवढ्यातच संपलं. ज्याला दारातच हटकलं त्याला रस्सा झणझणीत होता का आळणी हे कुठून कळणार? हा भाग गाळून केलेली समीक्षा अर्धीच राहते, मग ती कितीही चवीनं लिहिलेली असो.

या लेखांचा साचा बघा. साचा एकदा लावला की कापड एकाच पन्ह्याचं निघतं, हे गिरणीतल्या माणसाला शिकवायला नको. पहिल्या परिच्छेदात आजी आणि तिच्या हातची चव. मग एक गल्ली, ती सापडत नाही आणि शेवटी सापडते. मग कळकट बाकडं आणि त्या कळकटपणाचं कौतुक. मग मालक शेजारी येऊन बसतो आणि तीन पिढ्यांची कथा सांगतो. मग पदार्थ एकेक करून. शेवटी 'एकदा तरी जाऊन याच'. यात ताटं उचलणारं, फडकं मारणारं पोरगं कधी दिसलंय? त्याला दिवसातून किती वेळ खाली बसायला मिळतं? आणि मालक शेजारी येऊन बसतो म्हणता, तो सगळ्यांच्याच शेजारी बसतो का? ज्याच्या आजीची कानतुटकी कपबशी गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला खोचून ठेवलेली असायची, त्याचा लेख या साच्यातून निघत नाही.

कपबशी कायद्यात कशी आली

कुणी म्हणेल, हॉटेलासारख्या किरकोळ जागेचं एवढं काय घेऊन बसलास. किरकोळ असती तर ती घटनेत आली नसती. कलम 15 काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून माणसाला कुठं अडवायचं नाही त्याची तिथं यादी आहे. त्या यादीत दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेतलेली आहेत. विहिरी, तळी, घाट, रस्ते त्याच्यामागून येतात. 1955 साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. 1976 च्या दुरुस्तीपासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात उपाहारगृहात, हॉटेलात, धर्मशाळेत लोकांच्या वापरासाठी ठेवलेली भांडीसुद्धा आहेत. म्हंजे चहाच्या कपावर देशाच्या संसदेला कायदा करावा लागला. ज्या कपासाठी संसद बसली तो कप मराठी खाद्यलेखकाला दिसत नाही. त्याला त्यातली मलई तेवढी दिसते.

आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं झालं. ही पाण्याची लढाई म्हणून आपल्या पोराबाळांना पाठ आहे. पण तिच्यातलं जेवण आपणही विसरतो. परिषदेसाठी चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावं लागलं होतं. आणि तळ्यावरून माणसं परतल्यावर जमाव मंडपावर चालून आला तेव्हा आत काही लोक जेवत होते. अन्न मातीत मिसळलं, भांडीकुंडी तुडवली. लढाई पाण्याची होती, उधळली गेली ती पंगत. हल्ला करणाऱ्यांना बरोबर कळत होतं की घाव कुठं घालायचा.

वरच्या लोकांना तरी यातून सुटका कुठं होती? 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. ती बातमी फुटली आणि प्रायश्चित्ताचं केवढं मोठं प्रकरण उभं राहिलं. चहा गोड होता का कडक होता हे त्या सगळ्या गदारोळात कुणी विचारलं नाही. तो कुणाच्या हातचा एवढंच विचारलं. पुढं रेल्वे स्टेशनांवर हिंदूंचा चहा वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा असं कितीतरी वर्षं चाललं. तेव्हा खाण्यात जात आम्ही घुसडतो हा आरोप आमच्यावर नको. ती आधीपासून तिथं बसलेली आहे. आम्ही तिला उठवतोय.

पुस्तकांतली हॉटेलं

पु. ल. देशपांड्यांचा 'माझे खाद्यजीवन' वाचताना मी हसलो, खोटं कशाला बोलू. खाण्याची हौस इतक्या मोकळेपणानं मराठीत फार थोड्यांनी लिहिली. पण त्यातला खाणारा कुठल्या दारात बिचकत नाही. त्याला बिचकायचं कारण नव्हतं, हा काही त्याचा गुन्हा नव्हे. गुन्हा मागून आलेल्यांचा. त्यांनी हा एक खाणारा म्हणजेच अखिल मराठी खाणारा असं धरलं आणि त्याचीच नक्कल करत बसले. नक्कल करताना विनोद गळाला आणि ढेकर राहिला.

आता दुसऱ्या फळीवरचं पुस्तक काढा. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 ची. रेल्वेत कामाला लागलेला तरुण जात सांगत नाही. बरोबरचा वरच्या जातीचा माणूस त्याला आपल्या घरी जेवायला नेतो. पुढं जात कळते आणि मार बसतो. त्या घरी ताटात काय वाढलं होतं हे वाचणाऱ्याला आठवत नाही, जेवणाऱ्याच्या मनातली धास्ती आठवते. ही गोष्ट जुनी झाली असं वाटत असेल तर 2017 आठवा. पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईवर पोलिसात तक्रार दिली. तक्रार काय, तर ब्राह्मण सुवासीन असल्याचं खोटं सांगून तिनं सोवळ्याचा स्वयंपाक केला. ती बाई मराठा होती. तिच्या हातचं खाताना चव बिघडली होती असं तक्रारीचं कारण नव्हतं. चव ठीकच असणार, त्याशिवाय तिला पुन्हा पुन्हा बोलावलं नसतं. बिघडलं ते नाव. पुढं तक्रार मागं घेतली गेली, पण चोपन्न वर्षांनी बागुलांच्या गोष्टीचं नाव पोलिसांच्या कागदावर जसंच्या तसं उतरलं.

शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त (1984) गावातलं चहाचं हॉटेल आहे. महारांची कपबशी वेगळी. शिकलेली पोरं त्याविरुद्ध पोलिसात अर्ज देतात. माझ्या मते तो अर्ज ही हॉटेलची अस्सल समीक्षा आहे. त्यात जागा आहे, भांडं आहे, गिऱ्हाईक आहे, मालक आहे आणि निवाडा मागितलेला आहे. पुरवणीतल्या कुठल्या लेखात हे सगळं एका जागी सापडतं?

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला 1972 ला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि त्यातले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नव्हते असं तेंडुलकरांनी सरळ लिहिलंय. मुंबईत जन्म गेलेल्या लेखकाला मुंबईतलेच शब्द विचारून घ्यावे लागले. दुसरीकडं अरुण कोलटकर काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं बसत. त्या खिडकीतून त्यांनी रस्त्यावरची माणसं पाहिली. 2004 साली आलेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये फुटपाथवर इडल्या वाढणारी बाई आहे आणि तिच्याभोवती जमलेले सगळे उपाशीतापाशी आहेत. मला या खिडकीबद्दल राग नाही. हॉटेलच्या आत बसून बाहेर बघणारा कवी असावा. पण काचेच्या बाहेरून आत बघणाराही असावा, आणि त्याच्या लिहिण्याला 'अनुभवाचा दस्तऐवज' म्हणून बाजूला सारू नये. आतल्याची ती कविता आणि बाहेरच्याचा तो दस्तऐवज, ही वाटणी कपबशीच्या वाटणीसारखीच आहे.

एकेक हॉटेल घेऊन

नुसत्या शिव्या देऊन समीक्षा होत नाही. तेव्हा मुंबई आणि तिच्याभोवतीच्या मुलखातली हॉटेलं एकेक घेऊन बघू.

इराण्यापासून सुरू करतो, कारण आपल्या जुन्या माणसांना त्याची माया. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून आलेल्या माणसांनी ही हॉटेलं टाकली. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानायचे म्हणून ती इराण्यांना मिळाली असं सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून, मस्का, पाणीकम चहा. इराणी जातीच्या उतरंडीबाहेरचा, त्यामुळे पैसे दिले की बस. टेबलावर फडकं फिरलं की आधी कोण बसला होता त्याची खूण राहत नसे. त्यानं हे समतेसाठी केलं नाही, त्याला गल्ला भरायचा होता. आणि म्हणून पारशी-इराण्यांना देव करण्याचीही गरज नाही. 1917 साली बडोद्याला बाबासाहेब पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले होते, आणि ते कळल्यावर पारशीच काठ्या घेऊन दारात उभे राहिले. तेव्हा मुद्दा माणसांच्या चांगुलपणाचा नाही, रिवाजाचा आहे. नाव विचारायचं नाही हा रिवाज जिथं पडला तिथं आपला माणूस बसू शकला. आता इराणी एकेक करून बंद पडतायत आणि त्यावर हळहळीचे लेख निघतायत. सगळी हळहळ बन-मस्क्याची. न विचारलेल्या नावाबद्दल कुणी हळहळत नाही.

उडुप्याचं दुसरं. उडुपी हे मठाचं गाव, आणि ब्राह्मणाच्या हातचा स्वयंपाक हीच सुरुवातीला त्याची जाहिरात. पण मुंबईत त्यानं वेगळंच करून ठेवलं. माटुंग्याला ए. रामा नायकांचं बोर्डिंग 1942 चं, केळीच्या पानावर वाढणारं. अशा हॉटेलांनी जेवण झटपट केलं, स्वस्त केलं, आणि ज्याला जेवायला अर्धा तास सुट्टी आहे अशा माणसाला परवडेल असं केलं. चुलीजवळ जात राहिली असेल, पण टेबलाजवळ ती फार काळ टिकवणं धंद्याला परवडलं नाही. तिथं ताटं उचलणारी पोरं दक्षिण कानड्यातली, दिवसभर काम करून रात्रशाळेत जाणारी. 1966 नंतर शिवसेनेनं याच लोकांना 'लुंगीवाले' म्हणून झोडपलं. दगड हॉटेलावर पडला तरी लागला त्या पोरांना.

खानावळ हा आपला विषय, कारण गिरणगाव खानावळीवर जगला. कोकण-घाटावरून एकटा आलेला कामगार गाळ्यात पथारी टाकायचा आणि महिन्याच्या हिशेबानं जेवायचा. खानावळवाली बाई गावाकडची, जेवणारे गावाकडचे. म्हंजेच बऱ्याचदा जातीतले. गिरणीतही तेच. दलित कामगाराला साचेखात्यात घेत नसत. कारण सांगायचे की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, तोच धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार? पाण्याची भांडी वेगळी होतीच. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. लाल बावट्याच्या माणसांनी भाकरीचा प्रश्न मांडला, पण भाकरीला लागलेली उष्ट्याची शिवाशीव त्यांनी उशिरा पाहिली. या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या तावडीतून काढायला 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. जेवणारा बेकार झाला की खानावळवालीची चूलही विझते, हे त्या संपावर लिहिणाऱ्यांत फार कमी जणांना सुचलं. गिरण्या गेल्या तिथं आता उंच इमारती आहेत आणि एकेका थाळीला कामगाराचा दिवसाचा पगार मोजावा लागेल अशी हॉटेलं आहेत. भिंतीवर शोभेला जुन्या गिरणीचे फोटो टांगतात. फोटोतला माणूस दारात उभा राहिला तर वॉचमन त्याला आत सोडेल का?

मग वडापाव. दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्यांनी तो सुरू केला असं सांगतात. त्याच्यावर भरपूर लिहिलंय, पण सगळं लिखाण वड्यावर. मला पावाबद्दल बोलायचंय. पाव खाल्ला की माणूस बाटतो ही या महाराष्ट्राची समजूत होती. 1849 साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत आत घेताना सभासदाला ख्रिश्चनानं भाजलेला पाव खायला लावत, आणि ती सभा गुप्त ठेवावी लागली. तोच पाव आज शाळेच्या डब्यात आहे. हा बदल कुठल्या संतानं केला नाही, भुकेनं आणि घाईनं केला. वडापावच्या गाडीला दार नाही म्हणून दारात हटकणं नाही. बाक नाही म्हणून कुणाच्या शेजारी कोण हे नाही. सगळे उभे. ही समता आहे खरी, पण उभ्या उभ्याची. आम्हाला बसून खायचंय.

पाट्या

बसून खायला गेलं की वर पाटी असते. मराठा खानावळ, आगरी पद्धतीचं मटण, कोळी मासे, ब्राह्मणी पद्धतीचं घरगुती जेवण, सीकेपी महोत्सव. महाराष्ट्रातली जातगणना कुणाला घरबसल्या करायची असेल तर हॉटेलांच्या पाट्या वाचत जावं. या पाट्यांत आपली पाटी नाही. ती नाही याचा अर्थ आपल्याकडं जेवण नव्हतं असा होत नाही. ती टांगायची हिंमत होत नाही असा होतो. शिवाय 4 मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. कित्येक घरांतलं आणि गरिबांच्या हॉटेलांतलं स्वस्तातलं कालवण त्या दिवसापासून गुन्हा झालं. त्यावर चवीच्या लेखकांनी शोकलेख लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

शेवळाचं उदाहरण घ्या. मृगाच्या तोंडावर आपल्या सुधागडच्या डोंगरात शेवळं उगवतात. कातकरणी, ठाकरणी पहाटे रान तुडवून ती काढतात, जुड्या बांधतात, बाजारात फुटपाथवर बसतात. घशाला खाज येऊ नये म्हणून बरोबर काकडं विकतात, कारण त्याशिवाय ती भाजी खाता येत नाही हे ज्ञान त्यांचंच. तिथून ती जुडी ठाण्या-मुंबईला जाते, तिच्यात कोलंबी पडते आणि तिचं नाव होतं सीकेपी खासियत. भाजी चांगलीच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पदार्थाच्या नावात कालवणारीची जात आली आणि रानातून आणणारीचं नावही नाही. पोपटीचंही तसंच चाललंय. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उपडं करायचं आणि वर जाळ करायचा, हे शेतावरचं खाणं. आता रिसॉर्टवाले माणशी दर लावून पोपटी नाईट करतात. शेंगा खुडणाऱ्या बाईला त्या रात्रीच्या जाळाची ऊबसुद्धा मिळत नाही.

पाली

आता पालीकडं येतो. मुंबई-गोवा रस्त्यावर वाकण फाट्याला वळलं की पाली, दुसऱ्या बाजूनं खोपोलीवरून. मागं सरसगड, बाजूला अंबा नदी, मध्ये बल्लाळेश्वर. अष्टविनायकाच्या गाड्या येतात, दर्शन होतं आणि माणसं जेवायला बसतात. देवळाच्या वाटेवर पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुळथाचं पीठ, कोकमं यांची दुकानं. मग खानावळी. पाट्यांवर 'शुद्ध', 'घरगुती', 'उकडीचे मोदक' हे शब्द पुन्हा पुन्हा. जेवण चांगलं असतं. आपल्या भागातल्या कडव्या वालाचं बिरडं कुणी नीट केलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि पालीत ते नीट करणारे आहेत. हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही.

पण इथं एक गोष्ट शहरातून आलेल्या लेखकाला कधीच दिसणार नाही. मुंबईहून आलेल्या माणसाला पालीत कुणी जात विचारत नाही. तो गिऱ्हाईक. गाडी कुठं लावली, किती ताटं, मोदक किती, एवढ्यावर काम होतं. तोच गाववाला आत आला की चौकशी सुरू होते. एका खानावळीत, नाव लिहीत नाही, मला विचारलं, "पाहुणे कुठले?" म्हटलं, "इथलेच." "इथलेच म्हणजे कुठल्या आळीचे?" आळी सांगितली. पुढं कुणी काही बोललं नाही. ताट आलं, पाणी आलं, सगळं आलं. फक्त शेजारी बसून गप्पा मारणारे मालक उठून गल्ल्यावर गेले आणि परत आले नाहीत. यावर पोलिसात अर्ज देता येत नाही. कुठल्या कलमात हे बसवू? भांडं तेच होतं, बाक तोच होता. 1955 चा कायदा भांड्यापर्यंत पोचला, मालकाच्या उठण्यापर्यंत पोचला नाही. तिथं साहित्यानंच पोचायला पाहिजे.

म्हणून मी म्हणतो, परका माणूस हॉटेलात गिऱ्हाईक असतो आणि गाववाला जात असतो. आजवरचे हॉटेल-समीक्षक बहुतेक सगळे परके. दुपारी येतात, संध्याकाळी जातात. त्यांनी लिहिलेला आदरातिथ्याचा परिच्छेद खोटा नसतो, त्यांना ते मिळालेलंच असतं. पण तो त्या गावाचा पुरावा होऊ शकत नाही. गावच्या हॉटेलाची परीक्षा गावकुसाबाहेरच्या माणसानं आत जाऊनच व्हायची.

आणि ही नावाची चौकशी आता नव्या वाटेनं येतेय. मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी जेवण पोचवायला हिरव्या कपड्यातली वेगळी माणसं नेमायचं जाहीर केलं. ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागं घेतले. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींनी मालकांची नावं दारावर लावावीत असा हुकूम निघाला. 22 जुलैला सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. पदार्थाचं नाव लिहा म्हटलं तर समजू शकतं. माणसाचं नाव लिहा म्हटलं की चवीचा विषय संपला आणि चवदार तळ्याचा सुरू झाला.

आपल्यासाठी

आता थोडं आपल्या लिहिणाऱ्यांशी. दलित साहित्यानं भूक लिहिली. इतकी लिहिली की मराठीत भूक म्हटलं की आपलीच पुस्तकं आठवतात. ते लिहिणं गरजेचंच होतं. पण त्यातून एक समजूत पक्की झाली, की भूक आमच्याकडं आणि चव त्यांच्याकडं. त्यांची आजी पुरणपोळी करते, आमची आजी उपाशी राहते. संपादकही आपल्याकडून उपासमार मागतात, चव मागत नाहीत. खरं तर ज्या घरात जिन्नस दोनच असतात तिथं चवीचा विचार जास्त होतो. चान्या किती वाळवायच्या, विस्तवावर किती भाजायच्या, वाकट सुकवताना वारा कुठल्या बाजूचा पाहिजे, कोळंबाचं सोडं कशात घालायचं, हे सगळं डोक्यात बाळगणाऱ्या बाया आपल्या घरोघर आहेत. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली. पूर्णब्रह्माच्या श्लोकाला एका अक्षरानं त्यांनी जागा दाखवली. 2024 मध्ये ते पुस्तक इंग्रजीत गेलं तेव्हा मोठ्या शहरांतल्या लोकांना त्याचा शोध लागला. कोकणातल्या आपल्या चुलीवर असं पुस्तक व्हायला पाहिजे. रुचिरा घराघरात गेली, चांगलं झालं, पण तिच्यात आपलं घर नाही.

तेव्हा आपल्याला दोन्ही लिहायचंय. दारातली चौकशीही लिहायची आणि आतल्या रश्श्याची चवही लिहायची. चव लिहिली म्हणजे विद्रोह मवाळ झाला असं समजू नका. आपण चांगलं-वाईट ठरवायचं नाही, मिळेल ते खायचं, हाच तर मनूचा कायदा होता. 'हा रस्सा बेकार आहे' असं आपल्या माणसानं हॉटेलात बसून मोठ्यानं म्हणणं हे महाडच्या पाण्याइतकंच हक्काचं आहे.

कोल्हापूरला गंगाराम कांबळे नावाचा माणूस होता. राजाच्या पागेत नोकर असताना पाण्याला शिवला म्हणून त्याला मारलं. शाहू महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल टाकायला मदत केली. सवर्ण तिथं चहा प्यायला येईनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा मागवून चारचौघांत पिऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. हॉटेलची समीक्षा कशी करावी याचा तो धडा आहे. कुणाच्या हातचा चहा, कुणापुढं प्याला, आणि तो प्याल्यानं कुणाचं काय बदललं, हे तीन प्रश्न त्यात आहेत. चव चौथी.

मित्रांनो, आपापल्या गावच्या एका हॉटेलावर दोन पानं लिहून धाडा. पाणी कुठं ठेवतात ते लिहा. नाव विचारतात का, आणि कधी विचारतात ते लिहा. ताटं धुणारा कोण, त्याला पगार किती, तो स्वतः कुठं बसून जेवतो ते लिहा. पाटीवर काय आहे ते अक्षरन्‌अक्षर उतरवा. आणि मग रस्सा कसा होता तेही लिहा. चांगला असेल तर चांगला म्हणा.